कुडपणची विहीर आणि विमानाचा पंख

महाडच्या कॉलेजात मी तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. भुताखेतांना माझ्या घरी कधी साधा चहाही मिळालेला नाही. तरी हे लिहितोय...

एका स्मारक समितीच्या अध्यक्षांना कोळ्यांच्या जाळ्यात आलेला विमानाच्या पंखाचा तुकडा मिळाला – दुसऱ्या महायुद्धातला, दरवाजाएवढा. त्यांना तो लगेच चौथऱ्यावर हवा होता. शाली, फेटे, फ्लेक्स तयार होते. मी सांगितलं, समुद्रातलं अ‍ॅल्युमिनियम तसंच वाळवलं तर आत मुरलेलं मीठ त्याचा भुगा करतं. आधी गोड्या पाण्यात भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं. महाडच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून घाटातल्या कुडपणला, वाडीच्या विहिरीखालच्या उतारावर शेड घेऊन टाकी बांधली. विहीर मीच निवडली.

टाकीत पाणी भरायचं काम शेडशेजारच्या सखूवैनींकडे. पहिली कळशी ओतण्याआधी त्यांनी विचारलं, यात जो बसला होता, त्याला शेवटचं पाणी कुणी पाजलं? मी हसलो. म्हटलं, समुद्रात पडला तो, पाण्याला काय तोटा.

दर आठवड्याला टाकीतलं पाणी तपासायचो. सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की खारं पाणी दुधासारखं पांढरं होतं. पांढरेपणा कमी होत गेला. मी खूश. सहाव्या आठवड्यात वैनी विहिरीचं पाणी घेऊन आल्या, चव घ्या म्हणाल्या.

खारट.

विहीर टाकीच्या चांगली तीस फूट वर, आणि काढलेलं पाणी मी खालच्या ओढ्यात सोडायचो. थेंब टाकून पाहिले – टाकीतलं नितळ, विहिरीतलं पांढरंफटक. वाडीला दुसरी विहीर नाही. अध्यक्ष फोनवर म्हणाले, टँकर मागवा, तुकडा हलवू नका, पाहुण्यांची तारीख मिळालीय.

वैनी शांतपणे म्हणाल्या, "सर, तो आमचं गोडं पानी पितोय नि आपलं खारं आमाला देतोय. तुमचं त्यात काय जात नाय. आमी प्यायचं काय?"

मी टाकीचं बूच काढलं. मीठ जवळजवळ निघालेलं होतं, पंख टिकायला हवा होता. चार दिवसांत त्यावर पांढरे फोड आले. पंधराव्या दिवशी माझं बोट आरपार गेलं. वैनींनी ओंजळभर भुगा केळीच्या पानावर घेतला, त्यावर पाणी सोडलं. मी अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी गोडं झालं. पाझर, खडकातली भेग, माझीच चूक... सगळं तपासलं.

परवा पुन्हा गेलो. चाचणी तीनदा केली, तिन्ही वेळा पाणी नितळ. वैनी माझ्यासमोर तांब्याभर प्यायल्या, दुसरा भरून मला दिला. भर उन्हात घाट चढून आलो होतो, घसा कोरडा पडला होता.

म्हटलं, तहान नाही.