खिडकीची कड

समोरच्या अंगणात शेजारचे सदाभाऊ आपल्या वडिलांची, अण्णांची, जुनी पिकअप घासत असतात. सकाळचा चहा घेता घेता मी गॅलरीतून बघत राहते. पॉलिश पेपर फिरला की निळा रंग उडतो, खालून हिरवा निघतो, त्याच्याही खालून पिवळा. या गाडीनं किती लुगडी नेसली, असं मनात येतं.

परवा सगळी गाडी नव्यानं निळीशार झाली. ड्रायव्हरच्या खिडकीची कड तेवढी उघड्या पत्र्याची, गुळगुळीत.

"भाऊ, तेवढं राहिलं की हो!" मी वरूनच ओरडले.

"राहिलं नाही, ठेवलंय. अण्णांचं कोपर असायचं तिथं."

ओट्यावर शेंगा सोलत बसलेल्या त्यांच्या आई म्हणाल्या, "गंजेल रे ते. तेल लावायला हवं."

माणूस गेला की आपण त्याच्या फोटोला हार घालतो. पण तो रोज जिथं टेकायचा, तिथं काही लावायचं कुणाला सुचत नाही.

आता सकाळी चहा घेताना दिसतं, आई बोटांवर खोबरेल घेऊन गाडीपाशी येतात आणि ती कड हळूहळू चोळतात, दुखऱ्या कोपराला चोळावं तशी.