नवरे हवेत शंभर

संशोधनाचं एक बरं असतं. आकडे तक्त्यात जातात, तक्ते अहवालात जातात आणि अहवाल कपाटात जातो. किस्से मात्र कुठेच जात नाहीत! ते डोक्यात ढीग करून बसतात आणि चार मैत्रिणी चहाला जमल्या की एकेक करून बाहेर पडतात.

मी मूळची साताऱ्याची. जयपूरला येऊन बारा वर्षं झाली. इथल्या एका हॉस्पिटलात मी मूल न होण्याच्या कारणांवर संशोधन करते, त्यातही पुरुषांच्या बाजूनं. आमच्याकडे येणारी प्रत्येक बाई झाडून सगळ्या तपासण्या करून आलेली असायची आणि तिच्या नवऱ्याचा साधा एक कागद नसायचा. मला राग यायचा. म्हणून मी हा अभ्यास काढला. अट एकच, दोन वर्षांत शंभर नवरे तपासायचे. नाही मिळाले, तर समिती अभ्यास बंद करणार आणि बायकांच्या डोक्यावर खापर फुटतच राहणार. आमची टीम प्रचंड मोठी. एक मी आणि दुसरे गजेंद्रजी, आमचे लॅब टेक्निशियन. मिशा पिळदार, आवाज त्याहून भारी. बाकी नावं विचारू नका, सगळी बदलली आहेत.

* * *

पहिल्याच दिवशी एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेच्या हातात फाइल, फाइल कसली, बाडच! रक्त झालं, सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली. मी सगळं उलटूनपालटून पाहिलं आणि विचारलं, "आणि आपल्या मुलाची तपासणी?"

सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझी डिग्रीच खोटी असावी.

"उसकी क्या जाँच, डॉक्टरनीजी? उसकी तो सरकारी नौकरी है!"

* * *

हळूहळू नवरे येऊ लागले, पण खरं नाव सांगेनात. प्रत्येकाला वाटायचं, कोणी ओळखीचं भेटलं तर? मग जो तो तोंडात येईल ते नाव ठोकून द्यायचा. एकदा गजेंद्रजींनी बाहेर जाऊन हाक मारली, "राकेश शर्मा!"

कोणी हललं नाही. पाच वेळा हाक मारली. त्या आवाजानं खिडकीवरची कबुतरं उडाली, पण राकेश शर्मा काही उठेना. शेवटी कोपऱ्यातल्या एका बाईनं शेजारी बसलेल्या नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"अजी उठो, आप ही हो!"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नंबर द्यायला लागलो.

* * *

वीर्याचा नमुना घरून आणायचा असेल तर दोन नियम असतात. तासाभरात पोहोचवायचा आणि अंगाच्या उबेत ठेवायचा. जानेवारीतली जयपूरची थंडी. शास्त्री नगरच्या एका गृहस्थांनी डबी स्वेटरच्या आत, थेट छातीशी धरली आणि डाव्या हातानं ती घट्ट दाबून जिना उतरले. चेहरा टेन्शननं पांढराफटक.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी पाहिलं. छातीला हात, कपाळावर घाम! त्यांनी काही न विचारता त्यांना गाडीत कोंबलं आणि आमच्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत आणून आडवं केलं.

"दर्द कहाँ है?" तिथला डॉक्टर विचारतोय, आणि हे ओरडतायत, "दर्द नहीं है! मुझे दूसरी मंज़िल पर ले चलो!" शेजाऱ्यांसमोर आणखी काय सांगणार? ईसीजी निघाला, रक्तदाब पाहिला, सगळं यथासांग झालं. ते वर आले तेव्हा दीड तास उलटून गेला होता.

गजेंद्रजींनी ईसीजी हातात घेऊन शांतपणे वाचला.

"दिल एकदम बढ़िया है, साहब. बाक़ी के लिए कल फिर आना."

* * *

आमची कन्या तेव्हा चौथीत होती. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी हिंदीचा हात धरूनच चालतं. एक दिवस म्हणाली, "आई, प्रिन्सिपल सरांनी तुला बुलावलंय."

"का गं? काय केलंस?"

"काही नाही. टीचरनी पूछलं, मम्मी काय करते. मी सांगितलं, जे अंकल पापा नाही बनत, त्यांची जाँच करते. मतलब, खरंच सांगितलं ना?"

मी दुर्गापुऱ्यातल्या आमच्या घरापासून शाळेपर्यंत रिक्षात माफीची वाक्यं जुळवत गेले. प्रिन्सिपल गंभीर चेहऱ्यानं उठले, त्यांनी दार लावलं, खुर्ची जवळ ओढली.

"मॅडम, मेरा एक छोटा भाई है. शादी को छह साल हो गए. आप समझ रही हैं ना?"

मी म्हटलं, पाठवा त्याला, नाव कुठेही जाणार नाही. तीन दिवसांनी प्रिन्सिपल स्वतःच येऊन बसले. पुढे कळलं, ते घरात एकुलते एक! पण आमचा एक नवरा वाढला.

* * *

गजेंद्रजींची वेगळीच अडचण. लग्नाकार्यात लोक विचारतात, कामाला कुठे? सासरच्या मंडळींत काय सांगायचं? मग कळलं, हे सगळीकडे सांगतात की मी जनगणनेत आहे. मी त्यांना म्हटलं, "गजेंद्रजी, तुम्हीसुद्धा?"

"झूठ कहाँ बोला, मॅडम? गिनता ही तो हूँ. बस, लोगों के पैदा होने से थोड़ा पहले!"

* * *

शंभर नवरे भरले एकदाचे, अभ्यास वाचला. आता एकच सांगते आणि उठते.

आमच्या शेजारची खोली शुगरच्या ओपीडीची. बनी पार्कच्या एका तरुणानं घरी तेच सांगून ठेवलं होतं की मला शुगर निघालीय. दोष त्याच्यात होता, उपचार वर्षभर चालू होते आणि गोळ्या शुगरच्या म्हणून घरात राजरोस खाल्ल्या जात होत्या. त्याच्या आईनं मात्र घरातलं गोडधोड बंद केलं आणि रोज सकाळी त्याच्यासाठी पेलाभर कारल्याचा रस सुरू केला. लग्नाला सात वर्षं झालेली, आणि बोलणी सगळी सुनेनं खायची.

एक दिवस आई दोघांना घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. पिशवीतून एका मुलीचा फोटो काढून टेबलावर ठेवला. म्हणाली, "बीनणी से कुछ नहीं होगा, ये आप काग़ज़ पर लिख दो. फिर हम दूसरी देखें." बीनणी म्हणजे सून. ती शेजारीच घुंघट ओढून बसली होती.

मला सगळं माहीत होतं, आणि पेशंटची गोष्ट मी त्याच्या आईलाही सांगू शकत नव्हते. इतकी चीड मला क्वचित आली असेल! मी फक्त त्या मुलाकडे पाहत राहिले. तो टेबलाकडे पाहत होता. तिथे कोणाला तरी मुलगी झाली म्हणून आलेला घेवराचा, इथल्या पाकातल्या मिठाईचा, डबा उघडा पडला होता.

त्यानं हात पुढे केला, एक मोठा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

"अरे! तेरी शुगर!" आई ओरडली.

"शुगर नहीं है, माँ. कभी थी ही नहीं." तोंड भरलेलं, डोळे भरलेले. "कमी मुझमें है. इलाज भी मेरा ही चल रहा है. इसका कोई दोष नहीं."

आईनं फोटो उचलला, उलटा करून पिशवीत टाकला. मग मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला.

"साल भर करेले का रस पी गया, और इतनी-सी बात मुँह से नहीं निकली?"

तेव्हा घुंघटाआडून, अगदी हळू, आवाज आला.

"वो भी मैं ही पीती थी, माँजी."