ठकीचे दात आणि माझी पदवी

आमच्या अख्ख्या घराण्यात दातांसाठी डॉक्टरकडे नेलेला पहिला जीव म्हणजे एक खार. (आबांची दाढ दुखते तेव्हा ते लवंग धरतात आणि दोन दिवस कुणाशी बोलत नाहीत. घराला तेवढीच शांतता!)

लोहगडवाडीत आमची पिठलं-भाकरीची टपरी आहे. मागच्या आंब्यावरून ही खार रोज खाली यायची. रानातलीच, पण आईने तिचं नाव ठेवलं होतं ठकी, आणि पहिल्या भाकरीचा दुधात कुस्करलेला तुकडा ठकीचा. एके सकाळी आई ओरडली, "आरं, हिचा खालचा दात बघ! नाकापातुर आलाय!"

घरातला पहिला पदवीधर मी, तोही प्राणिशास्त्राचा! आई-आबांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेला. त्यामुळे गॅस संपला तरी आमच्याकडे माझं मत विचारतात. मी घसा साफ केला.

"खारीचे दात जन्मभर वाढतात. टणक कुरतडलं की झिजतात. तू मऊ घालतेस म्हणून हे झालं. आजपासून मऊ बंद!"

"पर वरचा दात मोडलाय तिचा. जात्याला वरचा दगुड नसंल, तर खालचा झिजंल कशावर?"

"आई, हे जातं नाही, शास्त्र आहे!"

"शिकलेला हाय त्यो," आबा म्हणाले. "त्याचं ऐक."

मी अक्रोड ठेवले, सुपारी ठेवली, करवंटीसुद्धा ठेवली! ठकी एकेक उचलायची, फिरवून बघायची, खाली टाकायची. "सवय होतेय," मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती आईसमोर दोन्ही हात जुळवून बसली. गडावर निघालेल्या पोरींनी फोटो काढले. "किती क्यूट!"

"उपाशी हाय ती," आई म्हणाली आणि दुधाच्या पातेल्याकडे वळली. पातेलं मी आत नेऊन ठेवलं.

पाचव्या दिवशी ठकीला झाडावर चढता येईना. आईने तिला पदरात उचललं. रानातली खार, पण पळाली नाही. तेव्हा मी घाबरलो. मोटारसायकलवरून आम्ही लोणावळ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे निघालो. मागे आई मांडीवरच्या टोपलीला सांगत होती, "आलं गं बाई, आलंच." दवाखान्याच्या पायरीवर तिचं बोलणं थांबलं.

डॉक्टरांनी ठकीचं तोंड उघडून पाहिलं. "गेली ही. वरचा दात मोडला म्हणून खालचा वाढत गेला. तो कापता आला असता. तोवर मऊ खाणं चालू असतं, तर जगली असती. कुणी बंद केलं?"

मी तोंड उघडलं.

"म्या," आई म्हणाली. "अडानी हाय न्हवं मी, सायेब."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेले दिसता. आईला जरा समजावून सांगत जा."

आणि मी, प्राणिशास्त्राचा पदवीधर, म्हणालो, "हो सर. सांगतो."