हिरवे चौकोन

सरिता मेश्राम आयसीयूत लागली तेव्हा पेशंटच्या अंगाला हात लावण्याला काम म्हणत. आता चौकोन भरण्याला म्हणतात. मालकांनी मोठा गाजावाजा करून नवी यंत्रणा आणली. नाडी, श्वास, ऑक्सिजन यांचे आकडे आपोआप संगणकावर चढतात आणि दुसऱ्या शहरात बसलेले डॉक्टर खाटेवरच्या कॅमेऱ्यातून लक्ष ठेवतात. या बळावर हॉस्पिटलने वॉर्डबॉय निम्मे केले. यंत्राला हात नसतात, ही साधी गोष्ट कुणाला सुचली नाही की सुचूनही दाबून टाकली, कुणास ठाऊक.

पेशंटची कूस बदलली हे मात्र सिस्टरनेच नोंदवायचं. वेळेत टिक पडली नाही की चौकोन लाल होतो आणि स्पीकरमधून तिकडचं कुणीतरी विचारतं, "सिस्टर, पोझिशन?" असं वरचेवर झालं की क्वालिटी बघणाऱ्या भैरवी मॅडम केबिनमध्ये बोलावून घेतात. म्हणून युनिटमध्ये एक रीत पडली. ड्यूटीवर आलं की आधी सगळ्या पाळीचे चौकोन टिक करून मोकळं व्हायचं, कूस मग जमेल तशी. सरितानं सुरुवातीला नाक मुरडलं. पुढे तीही टिक करू लागली.

शालिकराम वाडीतल्या एका गोदामाचा चौकीदार. न्यूमोनियानं व्हेंटिलेटरवर पडलेला, अंगानं भरलेला. त्याला वळवायला तिघं लागत आणि तिघं एका वेळी मोकळी कधी नसत. त्याची बायको इंदूबाई भेटायला आली की एकच विचारी, "बाई, यायले कुशीवर घेतलं काय?"

सरिता संगणकाकडे बघून म्हणे, "घेतलं ना." इंदूबाईचं तेवढ्यानं समाधान होई.

एका दुपारी शालिकरामची चादर सारखी करताना सरिताला वास आला. तिनं नंदिनी सिस्टरला आणि एका वॉर्डबॉयला अक्षरशः ओढून आणलं आणि त्याला वळवलं. कमरेखाली तळहाताएवढी कातडी काळी पडून सुटली होती, आत पू साचला होता. जखमा सरितानं जन्मभर धुतल्या होत्या, तिला किळस जखमेची आली नाही. शेजारी संगणकावर कुशीचे सगळे चौकोन हिरवेगार होते आणि त्यातले कितीतरी तिनेच भरले होते.

भैरवी मॅडम नाकाला रुमाल लावून आल्या. जखमेकडे न बघता त्यांनी आधी चार्ट उघडला.

"चार्टिंग तर पूर्ण आहे, सिस्टर. म्हणजे जखम घरूनच आली असणार. दाखल करतानाच होती, असं टाका."

"दाखल केलं तेव्हा पाठ मीच पुसली होती, मॅडम. साफ होती."

"मग चौकोन कोणी टिक केले?" मॅडम हसल्या. "स्वतःच्याच नोकरीवर काहून उठता?"

त्या हसण्याची सरिताला शिसारी आली. त्याहून जास्त शिसारी स्वतःची आली, कारण प्रश्न बरोबर होता. मॅडमसमोरच तिनं टाइप केलं: जखम इथेच झाली आहे, कूस बदलल्याच्या नोंदी खोट्या आहेत, त्यात माझ्याही आहेत. मॅडम फोन काढून तरातरा बाहेर गेल्या. नंदिनी भिंतीकडे बघत उभी राहिली.

संध्याकाळी इंदूबाई आली. सरितानं तिला बाजूला वगैरे नेलं नाही, खाटेपाशीच सांगितलं.

"आई, यायले आम्ही वळवत नव्हतो. पाठीले मोठी जखम झाली. मी तुमाले खोटं सांगत होती."

इंदूबाई ओरडेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. इंदूबाईनं नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवला.

"मी त रोज विचारत होती, बाई," ती म्हणाली. "माणसं कमी हायेत म्हणाल्या असत्या, त मी आली असती ना. सासू अंथरुणावर होती तवा मीच पलटवत होती तिले."

इंदूबाईनं पदर कमरेला खोचला.

"सांगा, कोन्या बाजूनं धरू?"