यादीबाहेरचं गाणं

तिला सगळे दुपारची ताई म्हणायचे, कारण रेडिओवर दुपारी दोन ते चार ती लोकांच्या फर्माईशी घ्यायची. वयाने ती केव्हाच मावशीच्या गटात गेली होती, पण आवाजाला सुरकुत्या पडत नाहीत. सत्तरीचे म्हातारेसुद्धा फोनवर तिला ताई म्हणत आणि ती तेही गोड मानून घेई. स्टेशन म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. एकीत माईक, दुसरीत जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्डची कपाटं, तिसरीत चहाचे कप आणि न वाचलेली पत्रं. तेवीस वर्षं ती तो जिना चढली-उतरली. लग्नाचं राहून गेलं, त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. घरी आई होती आणि आईला रेडिओ होता.

आईचं रेडिओशी नातं जरा निराळं होतं. ताईचे वडील क्लॅरिनेट वाजवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांमागे बसून वाजवलं, रेकॉर्डवर नाव एकदाही आलं नाही. एकाच गाण्यात त्यांना वीस सेकंद मिळाले होते. दुसरं कडवं संपलं की बाकीची वाद्यं गप्प व्हायची आणि एकटं क्लॅरिनेट वर चढत जायचं. ते गाणं पूर्वी महिन्या-दीड महिन्याने लागे. लागलं की आई हातातलं काम टाकून एक बोट वर करी, म्हणजे घरात कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घ्यायचा नाही. वीस सेकंद झाले की बोट खाली. वडील गेले तरी बोट राहिलं. ताईने एकदा ते गाणं घरीच लावून दिलं, तर आई म्हणाली की घरात लावलेलं आपल्यापुरतं, रेडिओवर लागतं ते सगळ्यांच्या घरात लागतं. त्या माणसाला आयुष्यात तेवढंच तर मिळालं होतं, ते ऐकायला चार लोक नकोत का?

मग स्टेशन विकलं गेलं. कोणी घेतलं ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही. मुख्य कचेरी कुठेतरी लांब होती एवढंच. तिथून एक माणूस आला. मऊ बोलणारा, रबरी तळाचे बूट घालणारा. तो खोलीत आलाय हे कळायचं ते तो बोलल्यावरच. त्याच्या हातात दोनशे बारा गाण्यांची यादी होती, म्हणून त्याचं नाव यादीवाला पडलं. कपाटांत चौदा हजार गाणी होती. यादीवाल्याचं म्हणणं साधं होतं: ओळखीचं गाणं लागलं की माणूस रेडिओ बंद करत नाही, अनोळखी लागलं की करतो, मग अनोळखी हवंय कशाला? पुढच्या सोमवारी कपाटं गेली. फरशीवर त्यांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे राहिले. रेकॉर्ड वाजवायचं यंत्र गेलं आणि त्याचं भिंतीतलं सॉकेटही उखडून तिथे पांढरी पट्टी मारली. यंत्र नेलं ते समजण्यासारखं होतं, पण सॉकेट उखडायचं काय कारण, हे ताईला कळेना.

फर्माईशीचा कार्यक्रम मात्र राहिला. लोकांना मागायला आवडतं, यादीवाला म्हणाला. त्यांनी मागत राहावं, फक्त यादीतलं मागावं. आता लोकांना यादी कुठे ठाऊक? पण ताई काही आजची नव्हती. फोन आधी रेकॉर्ड होऊन दहा मिनिटांनी रेडिओवर लागायचा, तेवढ्यात ती माणसाला गोडीगुलाबीने वळवून आणी. दहातले आठ वळत. उरलेल्या हट्टी दोघांसाठी तिने एक युक्ती काढली आणि ती तिची स्वतःची होती, हे सांगायलाच हवं. यादीवाल्याने शिकवली नव्हती. ती यादीतल्या एखाद्या गाण्याचं सहज विचारी, अमुक गाणं आठवतं का हो? समोरचा म्हणे, हो, अमुक ना, ते पण ऐकलंय. झालं. संगणकाच्या पडद्यावर आवाज उंचसखल दिसतो आणि माणूस श्वास घेतो तिथे सपाटी येते. त्या सपाटीवर कापायचं. ‘मला ऐकायचंय’ एकीकडून घ्यायचं, गाण्याचं नाव दुसरीकडून, आणि दोन्ही जोडायचं. शिवण कुठे आहे ते देवालाही दिसायचं नाही.

एकदा घड्याळवाल्या काकांचा फोन आला. चौकात घड्याळं दुरुस्त करायचे. लग्नाला चाळीस वर्षं झाली, बायको घरी रेडिओपाशी बसली आहे, तिच्यासाठी तिच्या आवडीचं एक जुनं गाणं हवं होतं. ते यादीत नव्हतं. ताईने सवयीने दुसऱ्या एका गाण्याचं विचारलं. काका म्हणाले, अमुक होय, ते मला मुळीच आवडत नाही. ताईने ‘मुळीच’च्या आधी कापलं आणि पुढे ‘ऐकायचंय’ जोडलं.

दुसऱ्या दिवशी काका जिना चढून आले. धापा टाकत होते. बायकोने कालपासून तोंड फिरवलं आहे, म्हणते, एवढ्या वर्षांत एक गाणं लक्षात राहिलं नाही तुमच्या. तेव्हा ताईने खरं सांगायला हवं होतं. पण दारात रबरी बूट उभे होते. ती हसून म्हणाली, ‘काका, आवाज तुमचाच होता ना? मग?’

काका म्हणाले, ‘माझाच होता खरा.’ आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेले. त्यांचा फोन पुन्हा कधी आला नाही.

त्याच सुमाराला कानाच्या डॉक्टरांनी आईचं सांगितलं. एक कान गेलाच होता, दुसरा हळूहळू मिटत चालला होता. वर्ष निघेल न निघेल. यंत्र लावून ओळखीचे आवाज तेवढे कळतील. घरी येताना आईने एवढंच विचारलं, तुझ्या बाबांचं गाणं आता कधी लावणार? ताई म्हणाली, लावू की. त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. चौदा हजार गाणी गेली याचं तिने रडून घेतलं होतं, पण या एका गाण्याला मुदत होती.

तिने यादीवाल्याला गाठलं. तो अगदी समजूतदारपणे म्हणाला, गाणं द्या, मुख्य कचेरीकडून चाचणी करून घेऊ. चाचणी म्हणजे अनोळखी लोकांना फोन लावून गाण्याचे आठ सेकंद ऐकवायचे. आवडलं तर एक दाबा, कंटाळा आला तर दोन. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: दोन. ताईने विचारलं, कुठले आठ सेकंद ऐकवले? सुरुवातीचे, अर्थात. ती कळवळून सांगू लागली की क्लॅरिनेट दुसऱ्या कडव्यानंतर आहे, तिथपर्यंत ऐकवा.

‘लोक तिथपर्यंत थांबत नाहीत, ताई,’ तो म्हणाला.

मग त्यानेच एक काम काढलं. तुम्ही कधी आजारी पडलात तर कार्यक्रम अडायला नको, म्हणून तुमचा आवाज साठवून ठेवू. गाण्याचंही बघतो मी, त्याने जाता जाता पुस्ती जोडली. ताईने त्या शेपटीवर विश्वास ठेवला. चाळीस दिवस सकाळी ती बंद खोलीत बसून बोलत राहिली. दोन वाजलेत, सव्वादोन वाजलेत. वा, काय निवड आहे तुमची. पाऊस, ऊन, वारा. दोनशे बारा गाण्यांची नावं, प्रत्येक चार तऱ्हांनी: आनंदाने, शांतपणे, हसत, आणि मग श्रोता मागतो तशी. ही चौथी तऱ्हा कशाला, असं तिने विचारलं. नमुना म्हणून, असं उत्तर आलं. सतराव्या गाण्याच्या दिवशी तिचा घसा बसला होता. पुन्हा घेऊ या का म्हणाली, तर तो म्हणाला, असू द्या, उलट खरं वाटतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी तिला विश्रांतीवर पाठवल्याचं पत्र मिळालं. किती दिवस ते त्यात लिहिलेलं नव्हतं. खोलीचं कुलूपही बदललं होतं.

दुसऱ्या दुपारी ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. बाहेरून आईने हाक मारली, अगं ये लवकर, तू लागलीस! ताई हात न पुसताच बाहेर आली. रेडिओच्या पेटीतून तिचा आवाज खुशीत सांगत होता की दोन वाजलेत. आई मान डोलावत होती. लेक समोर आणि लेक पेटीत, याचं तिला काही वाटलं नाही; हल्ली आधीच करून ठेवतात, हे तिला ठाऊक होतं. पुढे रोजचं झालं. ताईची दाढ काढली त्या दिवशी शेजारीण जिन्यात म्हणाली, आज काय छान हसत होतीस गं. ताईला बोलता येत नव्हतं. ती गालाला हात लावून उभी राहिली आणि पहिल्यांदा तिला स्वतःच्या आवाजाची भीती वाटली.

पण आशा मोठी चिवट. त्या महिन्यात स्टेशनने जाहीर केलं, म्हणजे तिच्याच साठवलेल्या आवाजाने, तुकडे जोडून जाहीर केलं, की शेवटच्या शुक्रवारी एका श्रोत्याचं कुठलंही गाणं लागेल, यादीबाहेरचंसुद्धा. क्लॅरिनेटवालं गाणं चाचणीमुळे त्यांच्याकडे होतंच. यादीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, नियमाप्रमाणे फोन करा, नशिबात असेल तर लागेल.

तिने फोन केला. पलीकडून तिनेच विचारलं, बोला, काय ऐकायचंय तुम्हाला? ताईने फोन कानाशी घट्ट धरला. कापाकापीतलं तिला कोणी शिकवायला नको होतं. कापायला सपाटी लागते, सपाटीला श्वास लागतो. तिने छाती भरून घेतली आणि आपलं नाव, आईचं, वडिलांचं, मला ऐकायचंय आणि ते गाणं, सगळं एका दमात, कुठे केसभरही न थांबता बोलून टाकलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण आता ब्रह्मदेव आला तरी त्याला कुठे कापता येणार नाही, अशी तिची खात्री होती. गुरुवारी निरोप आला: आपला फोन निवडला आहे, उद्या सव्वादोनला ऐका.

शुक्रवारी आई सकाळपासून तयार होती. धुतलेलं लुगडं, कानात यंत्र, यंत्रात नवा सेल. महिनाभरात ऐकू येणं आणखी उतरलं होतं. शेजारणीचं बोलणं आता नुसते हलणारे ओठ झाले होते. लेकीचा आवाज मात्र कळत होता. ताईने रेडिओ खुर्चीला टेकवून ठेवला आणि स्वतः जमिनीवर बसली.

सव्वादोन वाजलेत, पेटीतली ताई म्हणाली. आजच्या खास श्रोत्या आहेत आपल्याच ताई! मग फोनवरचा आवाज आला. तिचं नाव आलं, आईचं आलं, वडिलांचं आलं. आईने लेकीच्या खांद्यावर हात ठेवला. ‘मला ऐकायचंय’ आलं. आणि त्यापुढे, किंचित बसलेल्या घशाने, सतराव्या गाण्याचं नाव आलं.

तो बसलेला घसा ताईने लगेच ओळखला. कापायला सपाटी शोधायची गरजच पडली नव्हती. तिच्या वाक्याचं शेपूट सोडून दिलं होतं आणि तिथे तिचेच शब्द ठेवले होते, तिनेच भरून दिलेले. शिवण कुठेच नव्हती. वा, काय निवड आहे तुमची, पेटीतली ताई म्हणाली आणि गाणं सुरू झालं.

आईला सुरुवातीला काही उमगलं नाही. तिने बोट वर केलं. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. क्लॅरिनेटच्या जागी ढोलकं वाजलं. आईचं बोट तसंच वर होतं आणि ताईला त्याच्याकडे बघवेना. गाणं संपलं, जाहिरात लागली, तेव्हा बोट खाली आलं.

‘दुसरंच मागितलंस की गं,’ आई म्हणाली.

‘नाही गं आई. मी ते म्हटलंच नाही. त्यांनी घातलंय ते.’ ताई आईच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

आईने तिचं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही.

‘आवाज तुझाच होता ना?’ ती म्हणाली. ‘मग?’

तिने कानातलं यंत्र काढलं, पदराने पुसलं आणि डबीत ठेवून डबी बंद केली.