धरणाच्या वरचा खडस

येरवड्याच्या बाजारात एक मावशी रोज मासे विकायला बसायच्या. कित्येक वर्षं मी त्यांच्याकडून मासे घेतले, पण नाव कधी विचारलं नाही. मासा हातात आला की त्या आधी त्याच्या खवल्यांवरून अंगठा फिरवायच्या, मगच गिऱ्हाइकाकडे बघायच्या.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. एकदा बोलता बोलता त्यांना सांगितलं, आपल्या नदीतला खडस मासा संपला. शहराचं सांडपाणी नदीत आलं, अंडी घालायला वर जायची वाट बंधाऱ्यांनी अडवली आणि बाहेरून आणलेल्या चिलापी माशानं उरलीसुरली अंडी खाल्ली.

"पुस्तकात संपला असेल," मावशी म्हणाल्या. "ह्याच नदीवरच्या धरणाच्या वर माझं माहेर आहे. तिथे कधी पाहिलंत का?"

मी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी त्या मला घेऊन गेल्या. ओचा खोचून त्या गुडघाभर स्वच्छ पाण्यात शिरल्या आणि हातजाळं धरून बराच वेळ हलल्याच नाहीत. आपण उगाच आलो, असं मला वाटायला लागलं. तेवढ्यात त्यांनी जाळं उचललं. आत वीतभर लांबीचा, मोठ्या सोनेरी खवल्यांचा खडस उसळत होता.

"मावशी, आहे की हो!" मी ओरडलो. माझे डोळे भरून आले होते.

"मग? मी काय खोटं सांगत होते?"

"हा विकणार नाही ना?"

"अहो सर, पेरायचं बियाणं कुणी विकतं का?"

त्यांनी जाळं पाण्यात पालथं केलं. मासा सुटून गेला, आणि त्याच्यामागे पिल्लांचा अख्खा घोळका प्रवाहाविरुद्ध वर निघाला.