सगळ्यांना एकच किल्ली

बारामतीच्या स्टँडसमोर, चहाच्या हॉटेलाच्या माडीवर, १९९९ साली तीन कॉम्प्युटरचं एक इंटरनेटचं दुकान होतं. मालक पुण्याला असायचा, त्यामुळं दुकान म्हणजे रतनच. मूळचा सुप्याकडचा, मेंढरांच्या घरातला. बाप गेणबा दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखायचा. रतनला माणसांचीही तोंडं धड लक्षात राहत नसत, पण जिना चढून आलेलं माणूस नेमकं कुठं घाबरतं ते त्याला बरोबर कळायचं.

घाबरायची जागा पहिलीच. ई-मेलचं खातं उघडायचं तर पडद्यावर इंग्रजीत हा लांबलचक फॉर्म. लोक देवळात आल्यासारखे चपला जिन्यात काढून आत येत आणि फॉर्म दिसला की टोपीनं घाम पुसत. जन्मतारीख विचारली तर, "मृगात झालोय म्हणत्यात." पासवर्ड म्हटलं तर, "तुमीच टाका की कायतरी!" एक रकाना चुकला की सगळं पहिल्यापासून, आणि तेवढ्यात फोनची लाइन तुटली की माणूस जे उठून जाई ते पुन्हा माडीकडं फिरकत नसे.

रतनला हे बघवेना. त्यानं तोड काढली. मराठीत एक चिठ्ठी केली, तिच्यात फक्त नाव आणि गाव लिहायचं. बाकीचं तो भरणार. जन्मतारीख सगळ्यांची एक जून. यात त्याला काही वावगं वाटलं नाही, कारण शाळेत घालताना मास्तरांनी निम्म्या तालुक्याला तीच तारीख चिकटवलेली. रतनचीही तीच होती. खात्याचं नाव म्हणजे माणसाचं नाव आणि गाव, पासवर्ड म्हणजे गावाचं नाव आणि पुढं एक जूनचे आकडे. पणदऱ्याच्या सगळ्यांचा पणदरे, सणसरच्या सगळ्यांचा सणसर. चहा निवायच्या आत खातं तयार! लोक खूश, रतनची कॉलर ताठ. घराला कुलूप लावून किल्ली चौकटीवर ठेवायची ही आपली जुनी रीत, तीच त्या शहाण्यानं कॉम्प्युटरला लावली.

पणदऱ्याची राजलक्ष्मी अशीच एकदा आली. बी.एस्सी. झालेली मुलगी. पुण्यात बियाण्यांच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिनं नोकरीचा अर्ज केला होता. घरी आलेलं टपाल आधी तिच्या भावाच्या, ऋषिराजच्या हाती पडायचं आणि तो ते फोडायचा, म्हणून तिनं अर्जावर ई-मेलचा पत्ता द्यायचं ठरवलं. हे सगळं तिनं रतनला सांगितलं होतं, आणि रतननं मान डोलावून नेहमीसारखं खातं उघडून दिलं होतं.

दर गुरुवारी वाचनालयाचं निमित्त काढून ती यायची. चौथ्या गुरुवारी म्हणाली, "रतनदादा, अजून कायच न्हाय ओ. जरा बघता का?"

आलेल्या पत्रांचा कप्पा रिकामा होता. रतननं सहज म्हणून पाठवलेल्या पत्रांचा कप्पा उघडला, तर तिथं एक होतं. दोन दिवसांपूर्वीचं, तिच्याच नावानं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. माझं लग्न ठरलं आहे, मी मुलाखतीला येणार नाही. खाली कंपनीचं मूळ पत्र तसंच जोडलेलं होतं: बुधवारी सकाळी अकरा वाजता मुलाखतीला या. तो बुधवार कालच होऊन गेला होता.

राजलक्ष्मीनं ते दोनदा वाचलं.

"माझं लग्न ठरलंय?" ती म्हणाली. "मला कुणी बोललं न्हाय घरी."

रतननं दोन नंबरच्या कॉम्प्युटरकडं पाहिलं. ऋषिराजचं खातंही त्यानंच उघडून दिलं होतं. परवा मंगळवारी तो तिथंच बसला होता, चांगला तासभर. आलेलं पत्र पुसायची अक्कल त्याला होती. पाठवलेल्याची नक्कल मागं उरते हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. रतनला गप्प बसता आलं असतं. क्षणभर त्याच्या मनात तेही आलं.

"मंगळवारी ऋषिराज आलावता," तो म्हणाला.

"पण माझा पासवर्ड त्याला कुठनं कळला?"

"त्याचाबी तोच हाय, ताई. पणदऱ्याच्या सगळ्यांचा तोच हाय."

ती खुर्चीतच त्याच्याकडं वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "म्हंजे तुमी मला कुलूप दिलंच न्हाय," एवढंच म्हणाली. रतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यानं पासवर्ड बदलायचा रकाना तिच्यासमोर उघडला, उठला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मागं एकेक अक्षर शोधत ती टाइप करत होती. दोनदा चुकली, पण तो वळला नाही.

"मी इसरले तर?"

"तर गेलं. मलाबी उघडायचं न्हाय."

"मग चालंल."

तिनं कंपनीला लिहिलं की ते पत्र माझं नव्हतं, मला पुन्हा बोलवा. लिहून झाल्यावर पाचच्या गाडीनं ती पणदऱ्याला गेली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. शनिवारी ऋषिराज आला, बसला, दोनतीनदा खटखट केली आणि हाक मारली, "रतनराव, आमच्या ताईचं खातं उघडंना. बघा की जरा."

"मला न्हाय उघडत," रतन म्हणाला. ते खरंच होतं. ऋषिराज खुर्ची ढकलून निघून गेला.

त्या दिवसापासून रतननं चिठ्ठी बंद केली. ज्यानं त्यानं आपला पासवर्ड स्वतः टाकायचा, तोवर आपण भिंतीकडं बघायचं. लोक चिडायचे, अर्ध्यातून उठून जायचे. गर्दी ओसरली आणि मालक पुण्याहून फोनवर ओरडू लागला. रतनचं लक्ष सगळं त्या एका खात्यात. कंपनीचं उत्तर आलं असेल का? आलं असेल तर आत नुसतं पडून असेल, आणि ती येत नाही, आणि आपल्याला ते वाचून तिला निरोपही धाडता येत नाही. पणदऱ्याच्या माणसाजवळ चिठ्ठी द्यावी, तर ती कुणाच्या हातात पडेल कोण जाणे.

पाचव्या आठवड्यात ती आली. हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र. सासरची माणसं खाली चहा पीत होती. "धाच मिनिटं," ती म्हणाली. काही न विचारता रतन भिंतीकडं वळला.

बांगड्यांचा आवाज येत होता, त्यामुळं एकेक अक्षर ऐकू आल्यासारखं वाटत होतं. या वेळी ती एकदाही चुकली नाही. मग आवाज थांबला.

"आलंय," ती म्हणाली. "बोलावलंय."

"कवा?" रतननं भिंतीकडं बघतच विचारलं.

"सोळा तारखेला." ती खुर्ची मागं सारून उठली. "सोळालाच हळद होती माझी."